विचारलें तेवढेंच

उत्तर चुकलें कीं दोष उत्तर देणारास लावावयाचा, ही आपली जुनी रीत आहे. परंतु उत्तर देणारा निव्वळ आज्ञाधारक असेल, तर दोष कोणाकडे जातो? संगणकांतील नोंदवह्यांमुळें या प्रश्नाचा विचार आतां करावा लागतो, असें आम्हांस वाटतें.

माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, ही कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं पुढें आणली. तिच्या आधारें चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ सालीं प्रश्नांची एक आटोपशीर भाषा प्रसिद्ध केली. तीच आजच्या ‘एसक्यूएल’ची जननी. तिच्या साध्या प्रश्नाचे अवयव तीन: ‘सिलेक्ट’, म्हणजे कोणते रकाने हवेत, ‘फ्रॉम’, म्हणजे कोणत्या कोष्टकांतून, आणि ‘व्हेअर’, म्हणजे कोणत्या अटीवर. अट ज्या ओळींस लागू पडेल तेवढ्याच ओळी बाहेर येतात.

आतां समजा, आमच्या शहरांतील विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ति द्यावयाची आहे. औरंगाबादचें नांव २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर झालें. गांवाच्या रकान्यांत हें नवें नांव असावें, अशी अट घालून यादी मागितली, तर ज्यांच्या नोंदींत जुनें नांव राहिलें आहे तीं सारीं मुलें वगळलीं जातात. मुलें तींच, घरें तींच. पण यंत्राच्या लेखीं तीं परगांवचीं. यंत्रानें अक्षरें ताडून पाहिलीं. अर्थ ताडण्यास त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें.

ज्याचा रकाना रिकामाच राहिला, त्याची गति याहून विलक्षण. ‘या गांवचे कोण?’ या प्रश्नास तो सांपडत नाहीं. ‘या गांवचे नसलेले कोण?’ या प्रश्नासही सांपडत नाहीं. दोन्ही याद्या जोडून आपण म्हणावें, सारे मोजले. आणि तो मात्र दोहोंबाहेर उभा! त्याच्यासाठीं ‘ज्यांचें गांव नोंदलेलें नाहीं असे कोण?’ हा निराळाच प्रश्न घालावा लागतो.

कोणी म्हणेल, हा नोंद ठेवणाराचा प्रमाद. विचारणाराचा त्यांत काय अपराध? नोंदी सुधाराव्या हें खरेंच. परंतु त्या अपुऱ्या असतात हें ठाऊक असूनही जो ‘सांपडलें नाहीं’ याचा अर्थ ‘नाहींच’ असा करून कागदावर सही करितो, त्यास यंत्राकडे बोट दाखवितां येणार नाहीं. यंत्रानेंही अज्ञातासाठीं एक निराळी खूण राखून ठेविली आहे. निर्णय करणाऱ्या माणसानें निदान तेवढी जागा तरी राखावी.