सजीव, निर्जीव आणि आपण

आषाढीच्या आधीची गोष्ट. आमच्या नातवाने शाळेच्या वहीत मधोमध रेघ ओढली. गाय, तुळस, गांडूळ एका बाजूला. पाणी, माती, दगड दुसऱ्या बाजूला. मग म्हणाला, "आजोबा, आपला विठोबा कुठे लिहू?"

आम्ही पडलो कीर्तनकार! उत्तराला काय तोटा? "अरे, चराचरात हरीच भरला आहे," असे सांगून मोकळे झालो. पोरगे गप्प बसले, पण पटून नव्हे. त्याने विचारले एक, आम्ही सांगितले भलतेच.

सज्जनहो, मुलाला शास्त्र सांगावे की भक्ती, असे पुष्कळजण विचारतात. आमचे मत असे की, आधी खरे सांगावे. दगड श्वास घेत नाही, वाढत नाही. तो निर्जीव, हे मास्तरांचे म्हणणे बरोबर आहे. भाव आपला असतो. त्यासाठी पाषाणाला श्वास चिकटवावा लागत नाही.

पण वहीतली रेघ पृथ्वीवर कोठे आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या दख्खनच्या भूमीवर तप्त रस पसरला आणि थिजून काळा खडक झाला. ऊन, पाऊस, मुळे यांनी तो झिजवला. गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्यात राबले, तेव्हा काळी माती झाली. खडकातले लोह मातीत, मातीतून मंगळवेढ्याच्या ज्वारीत, भाकरीतून आपल्या रक्तात. निर्जीवाचा आधार काढला तर सजीवाने उभे कोठे राहावे?

चूक होते ती पुढे. निर्जीव म्हणजे बेवारशी, असे आपण धरून चालतो. नदीची वाळू पाणी गाळते, धरून ठेवते, काठच्या विहिरींना पुरवते. ती बेसुमार उपसली की विहिरी खोल जातात. आणि आपण? चंद्रभागेत स्नान करायचे, तीर्थ म्हणून डोक्याला लावायचे, अन् प्लास्टिकची पिशवी तिथेच टाकायची! शेजारी उभे असलेले मूल आपले निरूपण ऐकत नाही बरे, आपला हात बघते.

पुढे आम्ही नातवाला म्हटले, "बाळा, परवा आम्ही तुला टाळले. मूर्तीचा पाषाण निर्जीवांतच लिही. मात्र खाली लिही, या बाजूचे सगळे आपले पोशिंदे आहेत."

यंदा वाळवंटात उतराल, तेव्हा मुलाचा हात धरा. आणि दुसऱ्या हाताने आपली पिशवी परत आणा.

रामकृष्ण हरि!