जिंकायची खोड

हल्ली 'जिंकण्याची मनोवृत्ती' नावाची एक वस्तू बाजारात आली आहे. ती पुस्तकांत मिळते, व्याख्यानांत मिळते आणि मुलांच्या सदऱ्यांवर छापलेलीही मिळते. माझ्या पुतण्याच्या टेबलावर अशी तीन पुस्तके आहेत. तिन्हींच्या मुखपृष्ठावर एकेक डोंगर आहे आणि डोंगराच्या माथ्यावर हात उंचावून उभा असलेला एकेक माणूस. मी ती चाळून पाहिली. पहाटे उठावे, आरशात पाहून 'मी जिंकणारच' असे म्हणावे, हरलेल्यांच्या संगतीत राहू नये, असा एकंदर उपदेश. पहाटे उठण्याबद्दल माझी तक्रार नाही; आमची आजी जन्मभर पहाटे चारला उठत असे, फक्त ती आरशाकडे न जाता चुलीकडे जाई. पण डोंगरमाथ्यावरचा तो माणूस पाहिला की मला एकच शंका येते. हा गृहस्थ इतका एकटा का?

जिंकणे या क्रियापदाला कर्म लागते. नुसते जिंकता येत नाही. काहीतरी जिंकावे लागते, नाहीतर कुणाला तरी. गड जिंकतात, पैज जिंकतात, मन जिंकतात, इंद्रियेही जिंकतात असे संत सांगतात. त्या कर्माच्या जागी आपण काय ठेवतो यावर पुढचे सारे अवलंबून असते. आणि संसारात आपण तिथे बहुधा माणूस ठेवतो. याची दीक्षा फार लवकर मिळते. मूल गुणपत्रिका घेऊन घरी येते. 'गणितात अठ्ठ्याऐंशी,' असे ते सांगते. घरातले वडीलधारे विचारतात, 'आणि पहिला कोण आला?' प्रश्न साधा, विचारणाराच्या मनात पापही नसते. पण त्या दिवसापासून मुलाच्या लेखी गणित ही जिंकायची गोष्ट राहत नाही. शेजारच्या बाकावरचा पोरगा ही जिंकायची गोष्ट होते. पुढे त्या पोराला ताप आला तर आपल्याला बरे का वाटले, हे त्या बिचाऱ्याचे त्यालाही कळत नाही.

आमच्या नात्यात एक काका होते. त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा बांधावरून दावा चालू होता. बांध म्हणजे हातभर रुंदीचा, पण त्यावर एक रायवळ आंब्याचे झाड होते. दावा अकरा वर्षे चालला. काकांनी तारखांना जाताना कधी आळस केला नाही, वकिलाला फी देताना कधी हात आखडला नाही, निकाल विरुद्ध गेला तेव्हा खचले नाहीत, वरच्या कोर्टात गेले. पुतण्याच्या पुस्तकांतले सगळे गुण त्यांच्यात काठोकाठ होते. शेवटी ते जिंकले. गावभर पेढे वाटले. एक घर तेवढे वगळले. त्या उन्हाळ्यात झाडाला आंबाही भरघोस आला. कैऱ्या उतरवून ओसरीवर ढीग घातला, तेव्हा काकू त्या ढिगाकडे पाहत म्हणाल्या, 'आंबा आला खरा, पण फोडी करायला जाऊबाई कुठून आणू?' लग्न होऊन आल्यापासून दोघी जावा दरवर्षी त्या झाडाच्या कैऱ्यांचे लोणचे एकत्र घालीत असत. एकीने फोडायच्या, दुसरीने मसाला कालवायचा. दाव्यात या गोष्टीचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण ती कुणाच्याच मालकीची नव्हती.

नवराबायकोच्या वादाबद्दल मी फार लिहीत नाही. दिवाळी अंक घरातली सगळीच माणसे वाचतात. पण वादात पुराव्यानिशी जिंकलेल्या नवऱ्याला त्या रात्री जे वाक्य ऐकू येते, ते व्याकरणदृष्ट्या अभ्यासण्यासारखे आहे. 'पान वाढलं आहे.' कुणी वाढले, कुणासाठी वाढले, याचा पत्ता नाही. कर्ता गेला, संबोधन गेले, उरले फक्त पान.

यावर पुतण्या मला म्हणतो, 'म्हणजे काका, हरावं असं तुमचं म्हणणं?' मुळीच नाही. हरण्यातच मोठेपणा मानणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. आपण मराठी माणसे तर या बाबतीत विशेष हळवी. पानिपत होऊन अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, पण 'पानिपत झाले' हा वाक्प्रचार आपल्या तोंडून जात नाही. क्रिकेटमध्ये संघ गडगडला, निवडणुकीत उमेदवार पडला, की आपले पानिपत होते. ते १७६१ सालच्या जानेवारीत झाले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या आणि १७७२च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी शाहआलम बादशहाला तिथे आणून बसवले. एक पिढी कापली गेली होती, खजिना रिकामा होता, पेशवेपदावर सोळा वर्षांचा मुलगा आला होता. तिथून दहा वर्षांत हे घडले. या दहा वर्षांसाठी आपल्या भाषेत एकही वाक्प्रचार नाही. पडल्याची आठवण आपण म्हणीत जपून ठेवली, उठल्याची नाही. मला हे लक्षण बरे वाटत नाही.

तेव्हा हरण्याचे कौतुक नको. पण जिंकायचे ते कसे, असे कुणी विचारले तर मी डोंगरमाथ्यावरच्या माणसाकडे बोट न दाखवता कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावाकडे दाखवीन. तिथले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली होती. आखाड्यातल्या तांबड्या मातीत वाढलेला हा पहिलवान. आणि तिथे कुस्ती होती गादीवरची. मातीत समोरच्याची पाठ लागली की निकाल. गादीवर वेळ मोजतात, गुण मोजतात. खाशाबांचा क्रमांक सहावा आला. आता सहावा क्रमांक हा मोठा फसवा असतो. 'जगात सहावा' म्हणून जन्मभर मिरवायलाही तो पुरतो, आणि 'परक्यांच्या नियमांनी घात केला' म्हणून जन्मभर कुढायलाही पुरतो. खाशाबा परत आले आणि गादीवरच्या कुस्तीची तयारी करू लागले. वजनी गटही बदलला. पूर्वीपेक्षा जड गटात उतरायचे ठरवले.

१९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले होते. तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळालेले ते पहिले पदक. त्यानंतर असे दुसरे पदक मिळायला १९९६ साल उजाडले. तिथेही कुढायला जागा होती. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळायची ती विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला आपला कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात.

पण मला या कथेतला सर्वांत मोठा भाग वाटतो तो पुढचा. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला, हे झाल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. जगज्जेत्यांच्या पंक्तीला बसून आलेला हा माणूस पुन्हा मातीत उतरला तो कुणाच्या तरी घराचा दस्तऐवज परत आणण्यासाठी. ती शेवटची कुस्ती कोणाशी झाली, समोरचा पहिलवान कोण होता, मला ठाऊक असण्याची गरजही वाटत नाही. जिंकायचे होते ते घर. पुढे ते पोलिसखात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर बऱ्याच वर्षांनी. सरकारला जे देणे फेडायला इतका काळ लागला, तसले देणे त्यांनी घरी येताच फेडायला घेतले होते.

एवढी मोठी माणसे आपल्या आवाक्याबाहेरची, असे कुणी म्हणेल. मग स्वयंपाकघरात चला. या दिवसांत घरोघरी चकलीचा पहिला घाणा तेलात पडतो आणि कित्येक घरांत तो विरघळतो. अशा वेळी पाहण्यासारखे असते ते चकली करणारीचे तोंड. ती तेलाला बोल लावत नाही, वाण्याला शिव्या देत नाही, 'मला चकली जमायचीच नाही' असेही म्हणत नाही, आणि आरशापुढे जाऊन 'माझी चकली होणारच' असे तर नाहीच नाही. ती झाऱ्यावरचा चुरा बोटाने दाबून पाहते. 'मोहन जास्त झालंय,' म्हणते, आणि पिठात मूठभर भाजणी घालून पुन्हा मळायला घेते. दुसऱ्या घाण्याला कडक झाली तर मोहन कमी पडले हेही तिला कळते. चुरा पोरांच्या हातावर पडतो आणि पोरे त्यावर खूश असतात. तिच्या क्रियापदाचे कर्म चकली असते, शेजारीण नव्हे. (शेजारणीची चकली चाखताना ते बदलते, हे मी जाणून आहे. पण तोवर घाणा निघालेला असतो.)

आपला हा सणही या बाबतीत मोठा चमत्कारिक आहे. नरकचतुर्दशीला पहाटे आपण टाचेखाली कारीट फोडतो, म्हणजे नरकासुराला पुन्हा एकदा मारतो. तिथे जिंकणारा आणि हरणारा याबद्दल घोळ नाही. आणि दोनच दिवसांनी पाडवा येतो, तो मात्र बळीच्या नावाचा. कथेत बळी हरला आहे. त्याच्या गुरूने, शुक्राचार्यांनी, त्याला सावध केले होते की हा बटू साधा नाही, तीन पावले देऊ नकोस. बळीने दिलेला शब्द मागे घेतला नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश गेले. तिसऱ्यासाठी त्याने डोके पुढे केले. जिंकला वामन. पण 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणून आमच्या आयाबहिणी ज्याच्या राज्याची वाट पाहतात, तो बळी. तिकडे केरळात ओणमला लोक घरे सजवतात तीही वर्षातून एकदा भेटीला येणाऱ्या याच बळीसाठी. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा त्यांनाही शेतकऱ्यांचा राजा म्हणून हाच हरलेला राजा सापडला. देवाने जिंकून घेतलेले राज्य लोकांनी मनातल्या मनात हरणाऱ्याच्या नावावर करून टाकले आहे, आणि कुणीही त्यावर दावा लावलेला नाही.

पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, 'पण बळी काय जिंकला ते सांगा ना.' मी म्हटले, पाडव्याला बायको ओवाळायला उभी राहिली की ताटात ओवाळणी टाकताना वर्षभराचे वाद आठवून पाहा, कितींत आपण जिंकलो ते मोज, आणि मग पाकिटात हात घाल. तो म्हणाला, 'माझं लग्न व्हायचंय अजून.' ते खरेच. मी त्याला चकल्यांचा डबा आणायला पाठवले.