नाव घेणे आणि ओळखणे

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया, आमगाव, सालेकसा मागे टाकत छत्तीसगडात शिरतो. १८९३ साली याच मार्गावरच्या प्रवासात नारायण वामन टिळकांना एका सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे शेकडो पदे रचताना त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटले, गुरू म्हटले. ही नावे शास्त्राला धरून आहेत, की वारकरी संस्कारातून आलेली हौस? माझ्या मते टिळक शास्त्राच्याच वाटेने चालले. बायबलमध्ये देवाचे नाव ही एक साक्ष असते: अडल्यानडल्या माणसाला देव जसा भेटला, तसे त्याने त्याला हाक मारली.

‘उत्पत्ती’च्या सोळाव्या अध्यायातील हागार पाहा. ती मिसरी दासी. अब्राम आणि साराय तिच्याविषयी बोलतात तेव्हा ‘दासी’ म्हणूनच बोलतात; तिचे नाव दोघांच्याही तोंडी एकदासुद्धा येत नाही. गरोदरपणी छळाला कंटाळून ती रानात पळते, आणि शूरच्या वाटेवरील झऱ्यापाशी देवदूत तिला प्रथम नावाने हाक मारतो. त्यावर तीही देवाला नाव देते: ‘एल रोई’, म्हणजे पाहणारा देव. ज्या घरात तिच्याकडे कोणी माणूस म्हणून पाहिले नाही, तिथून निघालेल्या बाईला देवाची ओळख पटली ती नेमकी त्याच्या पाहण्यातून. पुढे अब्राहाम झालेल्या याच अब्रामाला मोरिया डोंगरावर तो पुरवठा करणारा म्हणून कळतो आणि गेथशेमानेत येशू त्याला ‘अब्बा’ म्हणतो. नावे अनेक झाली म्हणून देव अनेक झाले नाहीत. इस्राएलाची श्रद्धा एकाच परमेश्वरावर राहिली, त्याच्याशी असलेली ओळख मात्र वाढत गेली.

यावर आक्षेप असा, की माणूस गरजेपोटी देव कल्पितो आणि त्याला सोयीचे नाव देतो. पण तसे असते तर ही नावे नेहमी माणसाच्या सोयीची निघाली असती. हागारेला पाहणारा देव तिला पुन्हा सारायकडेच पाठवतो. तिने मनाने रचलेल्या देवाने असे खचितच सांगितले नसते. याकोब रात्रभर झगडून नाव विचारतो, तर ते त्याला मिळत नाही. उलट त्याचेच नाव बदलते. मोशेला उत्तर मिळते ते देवाच्या केवळ असण्याचे, आणि मागोमाग ज्या मिसरातून तो पळाला तिथेच परत जाण्याची आज्ञा. दहा आज्ञांमध्ये तर हे नाव व्यर्थ घेण्यालाच बंदी आहे. नावाने देव आपल्या मुठीत येत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा: परक्या परंपरेतली संबोधने घेतली, तर ख्रिस्ताची ओळख पुसट होईल. ही काळजी खरी आहे, पण ‘एल’ हा शब्दही कनानी लोकांच्या वापरातलाच होता. आईसारखे सांत्वन करणारा देव यशयाच्या ग्रंथातही भेटतो. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत, आणि हे सांगताना ख्रिस्ताला त्यांनी कुठेही उणे केले नाही. म्हणून नाव कोणत्या अंगणातले, यावरून ते खरे-खोटे ठरवू नये. येशूच्या जीवनाशी आणि क्रूसाशी ते जुळते का, ही कसोटी लावावी.

यिर्मया याहून कठोर कसोटी लावतो. यहोयाकीम राजाने मजुरांना वेतन न देता गंधसरूने मढवलेला वाडा बांधला. त्याला संदेष्टा त्याच्या बापाची आठवण करून देतो: योशियाने दीनदुबळ्यांना न्याय दिला, आणि परमेश्वराला ओळखणे ते हेच. तेव्हा गोंदिया जिल्ह्यात असो वा अन्यत्र, ज्यांच्या ओठी देवाची नावे आहेत, त्यांनी आपल्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला तिच्या नावाने हाक मारावी आणि तिची मजुरी वेळेवर चुकती करावी. एवढे होत नसेल, तर नावे पाठ असूनही देवाची ओळख झालेली नाही, असेच म्हणावे लागेल.