कोण कोणात बुडालंय

वडापावची सुकी लसणीची चटणी मिक्सरवर करणाऱ्याच्या हाताला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: मिक्सर सलग चालवायचा नाही. फिरवायचा, थांबवायचा, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचा. जरा जास्त वेळ फिरला की खोबऱ्याला तेल सुटतं, चटणी भांड्याच्या कडेला चिकटते आणि भुरभुरीत राहायची ती गोळा होऊन बसते. शेंगदाण्याच्या कुटाचंही तेच. महाराष्ट्रातलं स्वयंपाकघर जे होऊ नये म्हणून जपत आलं, तेच ऑस्ट्रेलियात काचेच्या बरणीत भरून ‘कोकोनट बटर’ या नावानं विकलं जातं, आणि शेजारच्या फळीवरच्या डेसिकेटेड कोकोनटपेक्षा कितीतरी महाग. आपण जिथे मिक्सर थांबवतो, तिथे थांबायचं नाही, एवढीच त्याची कृती.

मात्र न थांबल्यावर आत काय होतं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

ओलं खोबरं त्याच मिक्सरमध्ये हवं तितका वेळ फिरवा, त्याचं बटर होणार नाही. मऊ वाटण होईल. पाणी घालून पिळलंत तर दूध निघेल. तेल तर ओल्या खोबऱ्यातही असतं, वजनाच्या साधारण एक तृतीयांश. पण पाणी त्याहून जास्त, जवळजवळ निम्मं. वाटताना पेशी फुटतात, तेल बाहेर येतं आणि त्याचे बारीक थेंब त्या पाण्यात तरंगत राहतात. खोबऱ्यातली प्रथिनं थेंबांभोवती पातळ आवरण धरतात, म्हणून ते लगेच एकत्र येत नाहीत. नारळाचं दूध पांढरं दिसतं ते या थेंबांमुळे. इथे पाणी घरमालक आणि तेल भाडेकरू.

सुक्या खोबऱ्यात मालक बदलतो. डेसिकेटेड कोकोनटच्या आंतरराष्ट्रीय मानकात पाणी जास्तीत जास्त ३ टक्के आणि तेल निदान ६० टक्के सांगितलं आहे. पेशी फुटल्यावर तेलाला बुडायला पाणीच उरत नाही. मग तेलच सगळीकडे पसरतं आणि चोथा, साखर, प्रथिनं यांचे कण त्यात बुडतात. कोकोनट बटर म्हणजे तेलात बुडालेलं खोबरं. पाण्याशिवाय काही काढून घेतलेलं नाही, काही घातलेलं नाही. फक्त कोण कोणात बुडालंय ते उलटलंय.

हे एकदा ध्यानात आलं की दुकानात काय उचलायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात पाकिटाच्या मागच्या पोषणाच्या तक्त्यात प्रति १०० ग्रॅमचा रकाना असतो. तिथे फॅटसमोर ६०च्या वरचा आकडा हवा. कमी फॅटचं ‘लाइट’ खोबरं आणि कोकोनट फ्लोअर यांतलं तेल आधीच काढलेलं असतं, ती घेऊन मिक्सर तापवण्यात अर्थ नाही. केकसाठी मिळणारे ‘मॉइस्ट’ फ्लेक्स मुद्दाम ओलसर ठेवलेले असतात, तेही नकोत. घटकांच्या यादीत २२० किंवा २२३ दिसला तर तो खोबरं पांढरं राखणारा गंधकयुक्त पदार्थ. दम्याच्या काही रुग्णांना तो सोसत नाही. सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या किंवा मेलबर्नमधल्या डँडेनाँगच्या भारतीय दुकानातून खोबऱ्याच्या वाट्या आणल्यात तरी चालतं. पाठीवरची तपकिरी साल खरवडली नाही तर रंग मळकट येतो, चव बिघडत नाही.

भारतातून आणलेला मिक्सर ऑस्ट्रेलियात निमूटपणे चालतो, कारण दोन्ही देशांत वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. प्लग तेवढा निराळा. मोठ्या भांड्यात निदान चारशे ग्रॅम खोबरं घ्यावं, थोडं असलं तर ते कडेला उडून बसतं आणि पातं नुसतंच फिरतं. भांडं मोठं नसेल तर दोन घाण्यांत करावं. आधी पीठ होतं. मग ओल्या वाळूसारखा दमट, चिकट गोळा होतो आणि कडा धरून बसतो. पाककृती या टप्प्यावरून एका ओळीत पुढे जातात, पण सगळा धीर इथेच लागतो. थांबायचं, उलथन्यानं खाली ओढायचं, मोटारीला दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा फिरवायचं. मिक्सर मध्येच गप्प झाला तर बुडाखालचं लाल बटण आठवावं. मोटार फार तापली की ते बाहेर येतं. निवल्यावर आत दाबायचं. आणि मग, आत्तापर्यंत चटणीत खपलं असतं असं ते भरड एकाएकी पातळ होऊन वाहू लागतं.

एकाएकी का? नारळाचं तेल साधारण २४ अंशांना वितळतं. त्याखाली पेशी फुटल्या तरी तेल घट्टच राहतं, वाहत नाही. पात्यांच्या घर्षणानं भांड्यातला ऐवज तापतो, २४ ओलांडतो आणि गोळ्याला पाय फुटतात. मेलबर्नमध्ये जुलैत दुपारचा पारासुद्धा १४च्या आसपास घुटमळतो. तिथल्या गारठलेल्या स्वयंपाकघरात हा मधला टप्पा लांबतच जातो; त्यावर उपाय म्हणून खोबरं आधी मंद ओव्हनमध्ये कोमट करून घ्यावं. डार्विनला बारा महिने दुपारी तिशी, तिथे हा प्रश्नच नाही. तिथल्या बरणीत बटर ओतण्याजोगं राहतं, आणि मेलबर्नच्या बरणीत चमचा उभा राहतो. पदार्थ एकच. पुण्यात डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको.

नारळाच्या तेलाच्या या वितळण्या-गोठण्याशी ऑस्ट्रेलियाची ओळख आपल्या येण्याच्या आधीपासूनची आहे. लहान मुलांच्या वाढदिवसाला होणारे चॉकलेट क्रॅकल्स म्हणजे तांदळाच्या कुरमुऱ्यांसारखे राइस बबल्स, कोको, साखर आणि डेसिकेटेड कोकोनट, सगळं वितळलेल्या कोफात कालवून गोठवलेलं. ही कृती १९३७च्या डिसेंबरात ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’मध्ये छापून आली होती. कोफा म्हणजे हायड्रोजन देऊन आणखी घट्ट केलेलं नारळाचं तेल. ते साध्या तेलाइतक्या लवकर वितळत नाही. लॅमिंग्टन केकवरचं खोबरंही सुकंच. तो केक ज्यांच्या नावाचा मानला जातो ते लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते, आणि १९०३ ते १९०७ मुंबईचे.

आता पाण्याचा दुसरा खेळ. मिक्सरमधलं बटर दाट वाटतं म्हणून चटणीच्या सवयीनं कुणी चमचाभर पाणी शिंपडलं, तर ते सैल होण्याऐवजी आखडतं. तेलात सुटे पोहणारे साखरेचे नि चोथ्याचे कण त्या पाण्याला धावतात, ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. सैल करायचंच तर चमचाभर नारळाचं तेल घालावं. बरणी कोरडी, चमचाही कोरडा. पाणी नसल्यामुळे जंतूंना तिथे थारा नाही, आणि या तेलातलं सुमारे ९० टक्के फॅट संपृक्त असल्यामुळे ते लवकर खवटही होत नाही. हीच संपृक्तता हृदयाच्या बाबतीत हात आखडायला सांगते, तेव्हा ही वाटीनं खायची चीज नव्हे. बरणी फ्रिजबाहेर ठेवावी. काही दिवसांनी वर तेलाचा थर येऊन गोठतो. बरणी गरम पाण्यात बसवून ढवळलं की सारखं होतं. गॅसवर थेट तापवू नये, तळाचे कण करपतात.

पण थेंबभर पाण्यानं बिघडणारं तेच बटर भरपूर गरम पाण्यात घालून रवीनं घुसळलं, तर त्याचं दूध होतं. पाणी पुन्हा मालक होतं आणि तेल थेंब होऊन त्यात तरंगू लागतं. आमटीत किंवा माशाच्या कालवणात शेवटी दोन चमचे घातले की हेच घडतं, आणि मेलबर्नच्या थंडीत आयत्या वेळी ही मोठी सोय आहे. सोलकढीला मात्र हे वापरू नये. सोलकढी गार प्यायची, आणि गारव्यात हे तेल २४च्या खाली येऊन कण धरतं. वर सुक्या खोबऱ्याचा चोथा जिभेला लागतो तो वेगळाच. तिच्यासाठी भारतीय दुकानातल्या फ्रीझरमधलं किसलेलं ओलं खोबरं आणावं, कोमट पाण्यात वाटावं आणि फडक्यातून घट्ट पिळावं.