हाकेचं अंतर

लोहारा कुठं आलं असं कुणी विचारलं, की मी 'यवतमाळला लागून' असं सांगतो. तेवढ्यानं भागत नाही. महाराष्ट्रात लोहारा आणखीही आहेत, आणि त्यातलं धाराशिव जिल्ह्यातलं तर तालुक्याचं गाव! मान त्याचा. मग मी जरा आवाज चढवून, आमच्याकडे एम.आय.डी.सी. आहे, असं सांगतो. मूळ लोहारेकराला मात्र यातलं काहीच सांगावं लागत नाही. तो हात लांब करून म्हणतो, "हे काय, इथंच तर हाये!" 'इथंच' हे आमच्याकडचं अंतर मोजण्याचं सर्वात जुनं आणि सर्वात लवचीक माप आहे. त्यात अर्धा फर्लांग बसतो, आणि वैशाखातले भर दुपारचे सात किलोमीटरही बसतात.

मराठीनं अंतर या शब्दाची मोठी गंमत करून ठेवली आहे. दोन गावांच्या मध्ये असतं ते अंतर, आणि माणसाच्या आत असतं तेही अंतर. लग्नात मुलीचा बाप जावयाला 'हिला अंतर देऊ नका' म्हणतो, तेव्हा तो काही किलोमीटरबद्दल बोलत नसतो. मोजायला म्हणून आपल्याकडं वीत होती, हात होता, पाऊल होतं, कोस होता. गोफणीचा टप्पा होता. आणि सगळ्यात सुंदर माप म्हणजे हाक. अमक्याचं वावर हाकेच्या अंतरावर आहे. या मापाला टेप लागत नाही, फक्त फुप्फुसं लागतात.

हा सगळा विचार करायची पाळी माझ्यावर आली ती आमच्या शाखेच्या एका जुन्या खातेदारामुळं. वय सत्तरीच्या घरात, आठ एकर वावर, कपाशी आणि तूर. गाव त्यांना काकाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. काकाजींकडं वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, रीतसर परवान्याची. या बंदुकीचा आजवरचा मुख्य उपयोग म्हणजे ती पोलिस ठाण्यात जमा करणं. लोकसभा आली की जमा, विधानसभा आली की जमा, जिल्हा परिषद आली की पुन्हा जमा. रानडुकरांना मताचा अधिकार नसल्यामुळं त्यांना आचारसंहिता लागू होत नाही. बंदूक ठाण्यात गेली, की ती वावरात येतात.

तर एके दिवशी काकाजींनी काउंटरवर पासबुक ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी बी.कॉम. हा ना?"

मी होकार दिला. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"मंग मले एक सांगा. अंतर मोजाची मशीन इकत घ्याव का नाही?"

बी.कॉम.चा आणि या यंत्राचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. पण खेड्यातल्या शाखेत काही वर्षं काढली, की ज्यात आकडा आहे ते सगळं बँकवाल्याला कळतं ही लोकांची श्रद्धा होऊन बसते. काकाजींच्या पुण्याच्या पुतण्यानं मोबाइलवर त्यांना रेंजफाइंडर नावाची वस्तू दाखवली होती. डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, की समोरचं जनावर किती मीटरवर आहे ते आत आकड्यात उमटतं. वन खात्याकडं परवानगीचा अर्ज टाकून झाला होता. आता मशीन तेवढी चांगली आणि स्वस्त हवी होती. ही दोन्ही विशेषणं एका वस्तूला लावणारा माणूस बँकेत कर्जाला हमखास येतो, हा माझा अनुभव आहे.

मी दोन संध्याकाळी या विषयाचा अभ्यास केला. सौ.नं एकदा डोकावून विचारलं, "आपल्याला कुणाला मारायचंय?" मी म्हटलं, नाही, फक्त अंतर बघतोय. त्यावर ती काही न बोलता आत गेली, अंतर ठेवून.

यंत्राची करामत खरोखर थक्क करणारी आहे. त्यातून डोळ्याला न दिसणाऱ्या लेसर प्रकाशाचा एक झटका सुटतो, जनावराच्या अंगावर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढतं. दीडशे मीटरवरच्या डुकरापर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. (आमच्या शाखेत काउंटर नंबर दोनवरून कॅश काउंटरला जाऊन यायला व्हाउचरला जो वेळ लागतो, त्याची इथं तुलना करत नाही.) याच युक्तीनं, १९६९ साली अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशावर लेसर मारून शास्त्रज्ञांनी चंद्राचं अंतर सेंटिमीटरच्या हिशेबात काढलं. हेच काम पूर्वी किती घाम काढणारं होतं ते आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कळतं. कर्नल लॅम्ब्टन नावाच्या साहेबानं १८०२ साली मद्रासपासून हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. कोन मोजायचं त्याचं यंत्रच अर्ध्या टनाचं. डोंगर चढवत, उतरवत, मोजत मोजत तो हिंगणघाटला आला, आणि तिथंच १८२३च्या जानेवारीत वारला. त्यालाही कुणीतरी 'नागपूर काय, इथंच तर हाये' असं सांगितलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

आता खरेदीचं. खोक्यावर 'एक हजार मीटर' असं छापलेलं असतं. हा आकडा चकचकीत पाटीसाठी असतो. पाटी प्रकाश परत करायला राजी असते. डुकराचा केसाळ चिखलट पाठपृष्ठभाग राजी नसतो. जनावरासाठी तो आकडा निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली आणावा लागतो. आमच्याकडं तारण मालाची किंमत धरताना करतो तसंच. दुसरं म्हणजे बाजारातली स्वस्त यंत्रं बहुतेक गोल्फ खेळणाऱ्यांसाठी केलेली असतात, आणि इथं खरी मेख आहे. गोल्फचं यंत्र समोर दोन वस्तू दिसल्या, तर जवळची धरतं, कारण झेंडा पुढं असतो आणि झाडं मागं. शिकारीचं यंत्र लांबची धरतं, कारण गवत पुढं असतं आणि जनावर मागं. म्हणजे गोल्फचं यंत्र घेऊन काकाजी मचाणावर बसले, तर त्यांना रात्रभर आपल्याच पऱ्हाटीचं अंतर कळत राहणार! काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात. घ्यायचं तर ते घ्यावं. मचाणावरून तिरकं बघताना सरळ अंतर वेगळं येतं, तो हिशेबही करणारं असलं तर उत्तम. आणि यार्डाचं मीटर करून घ्यावं. शंभर यार्ड म्हणजे मीटर एक्क्याण्णव.

हे सगळं मी एका कागदावर नीट मांडलं, आणि शेवटी जमाखर्च काढला तेव्हा हसू आलं. बारा बोअरच्या बंदुकीनं भरवशानं मारायचं ते चाळीस-पन्नास पावलांच्या आत. त्यापलीकडं शिसं पोचतं, भरवसा पोचत नाही. मग हजार मीटर मोजून करायचं काय? मचाणापासून चारी बाजूंना चाळीस पावलं मोजावीत आणि तिथं दगडाला चुना फासावा. दगडाच्या अलीकडं आलं तर विचार करायचा, पलीकडं असेल तर नाही. खर्च, एक पुडी चुना. काकाजींनी कागद ऐकून घेतला आणि म्हणाले, "हे तर आमचा बाप बी करत व्हता. त्याच्यासाठी बी.कॉम. कायले पाह्यजे?"

पण प्रश्न चुन्यानं मिटत नाही. ज्या देशांत शिकारीला मुभा आहे तिथले लोक या यंत्राच्या बाजूनं एक मुद्दा मांडतात, आणि तो मला खोडता येत नाही. तिन्हीसांजेला नजर फसते. साठ वाटलेलं अंतर शंभर निघतं, गोळी खाली उतरते, जनावर मरत नाही, फाटक्या पोटानं रायमुनियात शिरून दोन दिवस तडफडतं. तेव्हा ज्याला मारायचंच आहे त्यानं नीट मोजून मारावं, ही दयाच झाली. पटतं. पण माणसाचा स्वभाव यंत्रात धरलेला नाही. आकडा कळला की हात शिवशिवतो. काल साठवर मारलं, आज एकशे दहा दाखवतंय. बघू या तरी! मर्यादा कळली की माणूस तिच्या आत राहत नाही, तिच्यापर्यंत जातो. क्रेडिट कार्डाचा सगळा धंदा या एका सत्यावर उभा आहे.

आणि इथं मला ती हाक आठवते. हाकेच्या अंतरावर असणं म्हणजे मी ओरडलो तर त्याला ऐकू जाणं, आणि तो ओरडला तर मला. हाकेला दोन टोकं असतात. लेसरही दोन टोकांमध्येच धावतो, पण डुकराच्या टोकाला त्याचा पत्ता नसतो. मग ज्याला माझी चाहूलसुद्धा नाही त्याला मी किती लांबून मारावं?

कायदा आपल्या परीनं उत्तर देतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला, १९९१च्या दुरुस्तीनं हौसेची शिकार परवान्यासकट संपवली. उरली ती गरजेची. पिकांची नासधूस करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायला वन अधिकाऱ्यानं परवानगी द्यावी, असा निर्णय राज्य सरकारनं २०१५ साली काढला. म्हणजे काकाजींचा अर्ज काही गुन्हेगाराचा नव्हे. एका रात्रीत दहा-बारा डुकरं घुसली, की तुरीच्या ओळी कुणी नांगर फिरवावा तशा आडव्या होतात. पहाटे ते वावर पाहिलेल्या माणसाशी अहिंसेवर बोलायला मला तरी जीभ उचलत नाही.

पण किती लांबून बोलायचं, हाही अंतराचाच प्रश्न. २०१८ साली आमच्याच जिल्ह्यात हे सगळ्या देशानं पाहिलं. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात एका वाघिणीच्या नावावर दोन-अडीच वर्षांत तेरा माणसं लागली. वन खातं तिला टी-१ म्हणायचं. शहरातल्या वन्यजीवप्रेमींनी तिचं नाव अवनी ठेवलं. बोराटीच्या बायका तिला काहीच म्हणत नसत. नुसतं 'ते' म्हणत, आणि सांजेच्या आत सरपण घेऊन घरी येत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीनं मेली. बेशुद्धीचं इंजेक्शन आधी रीतीनं मारलं होतं का, गोळी जीव वाचवायला झाडली का, यावर पुढं रान पेटलं. गावांत फटाके वाजले, मोठ्या शहरांत मोर्चे निघाले. मी तेव्हा नकाशा घेऊन बसलो होतो. बोराटीपासून जितकं लांब जावं तितकं तिच्यावरचं प्रेम वाढत होतं. जितकं जवळ यावं तितका तेरा हा आकडा मोठा होत होता. मला दोघांपैकी कुणालाच खोटं म्हणवत नाही. मोर्चातल्या माणसाला तिचे दोन बछडे दिसत होते, आणि ते होतेच. बोराटीच्या माणसाला शेजाऱ्याची चप्पल दिसत होती, आणि तीही होतीच. एकाचं यंत्र लांबचं धरत होतं, दुसऱ्याचं जवळचं. दोन्ही सोयी असलेलं यंत्र त्या दिवसांत बाजारात मिळत नव्हतं.

तसं पाहिलं तर मी स्वतः अशाच एका यंत्रात नोकरी करतो. थकबाकीची नोटीस मुंबईत तयार होते. म्हणजे इथून सहा-सातशे किलोमीटरवर. तिथं खातेदाराला नाव नसतं, आकडा असतो, आणि आकडा लाल झाला की कळ दाबली जाते. नोटीस सुटते. भाषा अशी, की समोर बसलेल्या माणसाला कुणी ती तोंडानं ऐकवू धजणार नाही. ती इथं शाखेत येते, मी तिच्यावर शिक्का मारतो, आणि ज्याच्या नावाची असते तो बहुतेक वेळा दारातल्या बाकड्यावर बसलेला असतो. हाकेच्या अंतरावर. "या काकाजी," म्हणून मी त्याला आत बोलावतो, चहा सांगतो, नोटीस टेबलावर उलटी ठेवतो आणि आधी पाऊसपाण्याचं बोलतो. वरिष्ठांच्या मते यात वेळ जातो. जातो खरा.

काकाजींनी शेवटी मशीन घेतलीच. पुतण्यानं पाठवली, स्वस्तातली. पहिले चार दिवस त्यांनी सगळं लोहारा मोजून काढलं. विहीर, लिंब, डीपी, मारुतीचं देऊळ, सुनेचं माहेर सोडून सगळं. तोवर परवानगीचा कागदही आला. मग एका रात्री मचाणावर बसले. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

"साहेब, बारा वाजता निंघाले. मोठी मादी, मांगं सात पिल्लं. मशीन लावली, त्रेचाळीस. म्हटलं, थांब. छत्तीस. म्हटलं, आता बराबर हाये. पन तिकडून ते पिल्लू दगडाले अंग घासून राह्यलं. आपल्या चुन्याच्या दगडाले! सारं पांढरं झालं ना ते!"

"मग?"

"मंग काय. हाक मारली जोऱ्यानं. 'हाऽऽ हुर्र!' पयाले सारे."

मला बरं वाटलं. मी तसं म्हणणार, तेवढ्यात बाकड्यावरून त्यांच्या धुऱ्याला धुरा लागून असलेले शेजारी उठले. त्यांचं पीक कर्जाचं काम होतं.

"साहेब, याईले इचारा," ते म्हणाले, "पयाले ते कोन्या वावरात पयाले? माही अर्धा एकर तूर खाल्ली रातच्याला. एक पिल्लू पांढरं व्हतं, म्या सोता पाह्यलं."

काकाजींनी खिशातून मशीन काढून टेबलावर ठेवली. "माह्या मचानापासून तुह्या वावरापर्यंत शहाण्णव हाये. म्या काय त्याईले पत्ता देल्ला?"

दोघांचा चहा मी सांगितला. पंचनाम्याचा अर्ज कुठल्या टेबलावर मिळतो ते शेजाऱ्यांना समजावून सांगितलं, आणि चहा येईपर्यंत दोघंही ती मशीन आळीपाळीनं डोळ्याला लावून कॅशियरचं अंतर बघत होते.