ठिणगी किती आधी?

धानोऱ्यासारख्या गावात टायमिंग लाइट, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा, शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. ट्रॅक्टर डिझेलचे, माणसं वाहणाऱ्या जिपाही बहुतेक डिझेलच्या; डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटतं, तिथे स्पार्क प्लगही नाही आणि ठिणगीही नाही. नव्या पेट्रोल गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. उरली ती कुर्ल्यात बनलेली पद्मिनी नाहीतर कार्बुरेटरवाली मारुती ८००. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. तरी एखादी जुनी गाडी कुणी जिवापाड जपलेली असते, आणि तिच्यासाठी हा लाइट हवाच.

पिस्टन अगदी वर पोचल्यावर ठिणगी पडली तर तिला वेळेवर म्हणता येत नाही, उशीर झालेला असतो. पेट्रोलचं मिश्रण पेटून पुरता दाब तयार व्हायला दोनेक मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ३००० फेरे असतील तर तेवढ्यात क्रँक ३६ अंश फिरून जातो. म्हणून ठिणगी आधीच टाकावी लागते. खानदेशातला शेतकरी पावसाआधी कपाशीची धूळपेरणी करतो, तसंच हे. आधी म्हणजे किती आधी, यातच सगळी मेख. फार आधी पडली तर चढावर इंजिन टकटक करतं आणि पिस्टन मार खातो. उशिरा पडली तर ओढ मरते, इंजिन तापतं, पेट्रोल जास्त जातं.

जुने मिस्त्री ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर सैल करून, थोडा फिरवून, कानानेच टायमिंग लावत. त्या कानाबद्दल मला आदर आहे. पण कानाला अंश मोजता येत नाहीत. लाइटचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरीला लावला की दर ठिणगीला दिवा लखकन चमकतो. ८०० फेऱ्यांवर मिनिटाला ४०० वेळा. त्या उजेडात क्रँकच्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबलेली दिसते आणि शेजारच्या पट्टीवर अंश वाचता येतात.

घ्यायचाच तर गाडीच्या बॅटरीवर चालणारा, चिमट्याचा, झेनॉन दिव्याचा साधा लाइट घ्या. निऑनचा स्वस्त पडतो, पण त्याचा उजेड दिवसा दिसत नाही. अंश फिरवायच्या चकतीचे जास्तीचे पैसे नुसतं मूळ टायमिंग लावणाऱ्याने देऊ नयेत. इंजिन आधी गरम होऊ द्या, आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तर डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून बुजवा.

मात्र पुली थांबलेली नसते, नुसती तशी दिसते. त्याच उजेडात पंख्याची पातीही कधी थांबल्यासारखी वाटतात. तेव्हा गळ्यातला रुमाल काढून ठेवा, लाइटच्या वायरी पंख्यापासून लांब ठेवा, आणि पुलीच्या खुणेला पांढरा रंग लावायचा असेल तर तो इंजिन बंद असतानाच लावा.