रक्त कुणाचे, शोध कुणाचा?

ज्ञानाला देश नसतो, हे वाक्य आम्ही शिक्षक मंडळी वर्गात मोठ्या हौसेने सांगतो. वाक्य खोटे नाही. पण ते कुणाच्या तोंडून निघते आहे, हेही पाहावे लागते. ज्याच्या घरी प्रयोगशाळा आहे, त्याला ते म्हणायला काहीच पडत नाही.

फराळाच्या ताटाशी साथीच्या रोगाची गोष्ट काढतो आहे, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये. मध्य आफ्रिकेतल्या काँगोला पूर्वी झाईर म्हणत. १९७६ साली तिथल्या यांबुकू नावाच्या खेड्यात, मिशनच्या दवाखान्यात, माणसे तापाने पटापट मरू लागली. किन्शासाच्या विद्यापीठातले एक तरुण प्राध्यापक, ज्याँ-जाक मुयेंबे, तपासाला गेले. बेल्जियममध्ये शिकून मायदेशी परतलेला हा माणूस. हातमोजे नव्हते, उघड्या हातांनीच त्यांनी आजाऱ्यांचे रक्त काढले. सुई काढली तरी रक्त थांबेना, तेव्हा हा ताप नेहमीचा नव्हे, हे त्यांनी ताडले. एका आजारी ननला घेऊन ते किन्शासाला परतले. तिचे रक्त थर्मासमधून बेल्जियममधल्या अँटवर्पला गेले. पोहोचेतो बर्फ वितळले होते, एक नळी फुटली होती. उरलेल्या रक्तात तिथल्या शास्त्रज्ञांना इबोलाचा विषाणू दिसला. गावाला बट्टा लागू नये म्हणून नाव नदीचे ठेवले. केवढी ही काळजी! मुयेंब्यांचे नाव मात्र शोधाच्या कथेतून कितीतरी वर्षे गळून राहिले.

कुणी म्हणेल, अँटवर्पचा सूक्ष्मदर्शक नसता तर ती नळी म्हणजे नुसते रक्तच. हे मला मान्य आहे. किन्शासात तेव्हा तशी सोय नव्हती. रक्त पाठवणे हे कर्तव्यच होते. पण पाठवणाऱ्याचे कर्तव्य संपले म्हणजे घेणाऱ्याचे सुरू होते की नाही? आपल्याकडे अर्धेलीने शेती करतात. एकाची जमीन, दुसऱ्याचे बैल. खळ्यावर रास पडली की दोघेही समोर उभे राहतात. बैलवाल्याने सगळी रास घरी नेली आणि “जमीन काय, ती होतीच” असे म्हटले, तर कोणते गाव ते ऐकून घेईल?

आणि तोटा केवळ कीर्तीचा नसतो. शोधाचे नाव जिथे लागते तिथे पैसा जातो, त्यामागून यंत्रे जातात, हुशार विद्यार्थी जातात. मग पुढच्या साथीतही थर्मास पुन्हा परदेशीच पाठवावा लागतो.

१९९५ साली किक्विट शहरात साथ आली. बऱ्या झालेल्यांचे रक्त मुयेंब्यांनी ८ रुग्णांना दिले; ७ वाचले. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून तज्ज्ञांनी ते मानले नाही, आणि त्यांचा आक्षेप गैरही नव्हता. मुयेंब्यांनी नाद सोडला नाही. त्याच साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून पुढे अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने औषध निघाले. २०१८-१९ च्या साथीत काँगोतच ६८१ रुग्णांवर चार औषधांची चाचणी झाली; जी दोन सरस ठरली, त्यांत हे एक. या वेळी चाचणीच्या प्रमुखांत मुयेंबे स्वतः होते.

२०१९ साली त्यांनी सांगितले की यापुढे इबोलाचे नमुने काँगोतच राहतील. ज्याला अभ्यास करायचा असेल त्याने इथे यावे. काही परदेशी शास्त्रज्ञ नाराज झाले. मला हे न्याय्य वाटते, पण थोडी धास्तीही वाटते. उद्या साऱ्याच देशांनी रक्ताला कुलूप घातले, तर रोग काही कुलपापाशी थांबायचा नाही. तरी मुयेंब्यांनी दार लावले नव्हते. पाहुण्याला आपल्या घरी बोलावले होते, इतकेच.

त्यांना त्यांचा मान उशिरा का होईना मिळाला. मला राहून राहून आठवतो तो किक्विटचा माणूस. मरणातून उठल्यावर अकरा वर्षांनी त्याने संशोधनासाठी पुन्हा बाही वर केली. खळ्यावर त्याचा वाटा कुणी मोजायचा, काँगोने की अमेरिकेने, हे मला अजून सांगता येत नाही.